साडेनऊ हजार रुपये कशाचे?

मला एकच प्रश्न विचारायचा होता. नव्या गाडीच्या कोटेशनच्या कागदावर खालून तिसऱ्या ओळीत 'हँडलिंग चार्जेस 9,500' असं लिहिलंय, ते कशाचे? सांगलीतल्या त्या शोरूममध्ये हा प्रश्न मी चार जणांना विचारला आणि चार उत्तरं आली. विक्रीचं काम बघणारं पोरगं म्हणालं, "दादा, ते सगळ्यांनाच असतं." काउंटरवरची मुलगी म्हणाली, ते आरटीओच्या कामाचे. अकाउंटवाला म्हणाला, धुण्या-पुसण्याचे, पेट्रोलचे. शेवटी काचेच्या केबिनमधला मॅनेजर म्हणाला, गोडाऊनमधून गाडी इथं आणायचा खर्च. अहो, गोडाऊन तुमचं, शोरूम तुमचं आणि गाडी अजून तुमच्याच मालकीची! एक्स-शोरूम किंमत म्हणजे शोरूमच्या दारातली किंमत. तिथवर गाडी आणण्याचा खर्च त्या किमतीत धरलेला असतो, मग तो माझ्याकडून दुसऱ्यांदा का?

डोकं अजून शांत झालेलं नाही. महिना उलटून गेला तरी नाही.

गाडी हौसेला घेत नव्हतो. आईचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा मिरजेला न्यावं लागतं. जुनी छोटी गाडी 2011 ची. तिच्या डिकीत आईची घडीची व्हीलचेअर मावत नाही, मागच्या सीटवर आडवी टाकावी लागते आणि आईला पुढं अवघडून बसावं लागतं. म्हणून सेडान. सीएनजी स्वस्त पडलं असतं, पण टाकी डिकीतच येते, मग व्हीलचेअर पुन्हा सीटवर. म्हणून पेट्रोल. एवढा विचार करून, बँकेत चौकशी करून, ऐन ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत द्राक्षबाग मजुरांवर सोडून, आईला घेऊन आम्ही नवरा-बायको तिथं गेलो होतो.

पहिल्याच भेटीत पोरगं म्हणालं, "दादा, तुमच्यासाठी स्पेशल 42,000 डिस्काउंट काढलाय." जुनी किंमत 12,22,000, तुम्हाला 11,80,000. मी खूश झालो होतो. घरी आल्यावर ही हिशेबाला बसली. आमच्या घरचा सगळा हिशेब हीच बघते, द्राक्षाचा, बेदाण्याचा, सोसायटीच्या कर्जाचा. म्हणाली, "अहो, 22 सप्टेंबरपासून जीएसटी कमी झालाय ना?" या आकाराच्या गाडीवर 22 सप्टेंबर 2025 च्या आधी 28 टक्के जीएसटी आणि वर 17 टक्के सेस (उपकर), म्हणजे 45 टक्के होते. आता सेस गेला आणि सरळ 40 टक्के आहेत. 12,22,000 ला त्या हिशेबानं बसवलं की जवळपास 11,80,000 च येतात. म्हणजे सरकारनं कमी केलेला कर यांनी स्वतःच्या खिशातला डिस्काउंट म्हणून आमच्या पुढ्यात ठेवला. एक रुपया त्यांचा नव्हता. त्यावर मी दोन वेळा त्या पोराला "थँक्यू" म्हणालोय, हे आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

मग आम्ही कागदातली एकेक ओळ काढायची ठरवली.

आरटीओचे म्हणून एकच रक्कम लिहिलेली, 1,58,500. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के रोड टॅक्स. 11,80,000 वर तो 1,41,600 होतो. नोंदणीची फी 600, बँकेचा बोजा चढवायचे 1,500, स्मार्ट कार्डाचे 200, वर थोडा उपकर. कसंही करा, दीड लाखाच्या आत बसतं. बाकीचे? विचारलं तर म्हणाले, "एजंटचे असतात सर, आरटीओत तुम्हाला माहितीये ना कसं असतं." नाही, मला माहीत नाही. नव्या गाडीची नोंदणी आता डीलरच ऑनलाइन करतो, गाडी आरटीओत न्यावीही लागत नाही. मग हा एजंट कोण आणि तो नेमकं काय करतो? आणि तो असलाच तर त्याचे पैसे सरकारी कराच्या ओळीत का घुसवता? सरकारची पावती मला मिळणारच आहे की. त्यावर आकडा वेगळा असणार, मग त्या दिवशी काय सांगणार होता?

विमा 54,000. बाहेर त्याच कंपनीचा, तीच झिरो डेप (जुन्या झालेल्या भागांची घट न कापता भरपाई देणारी), तेच कव्हर विचारलं तर 38,000. पहिल्या तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, विमा सक्तीचा आहे, 2018 पासून, आणि त्याचा दर ठरलेला आहे, 1000 ते 1500 सीसीला 10,640 अधिक जीएसटी. तो कुठंही घेतला तरी सारखाच. म्हणजे सगळा फरक उरलेल्या भागात. मी म्हटलं, विमा मी माझा आणतो. मॅनेजर लगेच म्हणाला, "मग कॅशलेस मिळणार नाही सर. उद्या ॲक्सिडेंट झाला तर आमच्याकडं येऊ नका." आई शेजारी बसली होती. ॲक्सिडेंट हा शब्द ऐकून तिनं माझा हात धरला. विमा कुठून घ्यायचा हे ठरवायचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे, डीलर सक्ती करू शकत नाही. हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. तरी एका आजारी म्हातारीसमोर भीती घालून सोळा हजार काढायला निघाला होता.

आणि जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस! पाच वर्षं एकही क्लेम नाही, 50 टक्के बोनस जमा आहे. जुनी गाडी विकली की विमा कंपनीकडून पत्र घ्यायचं, नव्या गाडीच्या ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यात तो वजा होतो. याबद्दल अवाक्षर नाही. जुनी गाडी एक्स्चेंजला त्यांनीच मागितली होती, विम्याची कागदं त्यांनीच तपासली होती, बोनस त्यांच्या डोळ्यांसमोर लिहिलेला होता. माझ्या बायकोनं विचारल्यावर म्हणाले, "हो, ते करता येईल." करता येईल! मग केलं का नव्हतं?

आणखी एक गोष्ट. प्रश्न हिनं विचारायचा आणि उत्तर प्रत्येक वेळी माझ्याकडं बघून. "सर, मॅडमना समजावून सांगा." तिला समजत होतं म्हणूनच ती विचारत होती. त्या केबिनमध्ये गणित येणारी सगळ्यात हुशार व्यक्ती तीच होती.

जुन्या गाडीला त्यांनी लावले 1,05,000. बॉनेट उघडलं नाही, चालवून बघितली नाही, नुसती भोवती चक्कर मारली आणि आकडा सांगितला. आमच्या तासगावच्या मेकॅनिकनं ओळखीतल्या एकाला 1,45,000 ला विकून दिली, तेही चार दिवसांत.

ॲक्सेसरीज 21,500, 'कंपल्सरी किट'. कंपल्सरी कुणी केलं? पायपुसण्या, मडफ्लॅप, सीटकव्हर, गाडी झाकायचं कापड. हेच सगळं सांगलीत बाहेरच्या दुकानात निम्म्यात होतं. एक्स्टेंडेड वॉरंटी 17,900, ती न विचारता आधीच बेरजेत. फास्टॅग 800.

कर्जाचं वेगळंच. "फक्त 5 टक्के दादा!" मी आधी चमकलोच, कारण आमची बँक नवाच्या आसपास सांगत होती. ते 5 टक्के फ्लॅट होते. पाच वर्षं पूर्ण मुद्दलावर व्याज, दर महिन्याला फिटत जाणारं मुद्दल धरायचंच नाही. पाच लाखाला सव्वा लाख व्याज. घटत्या शिलकीवर काढलं की तेच नवाच्या वर जातं. बागेचं पीककर्ज काढून काढून आम्हाला व्याज कळायला लागलंय म्हणून वाचलो. पहिल्यांदा गाडी घेणारं एखादं नोकरदार पोरगं तिथं सही करूनच उठलं असतं.

हिनं पूर्ण बेरीज मांडली. त्यांचं ऑन-रोड, म्हणजे सगळं धरून गाडी रस्त्यावर यायची किंमत, 14,54,000. आमचं, सगळे कर आणि एक टक्का टीसीएस धरून, 13,77,100. (तो टीसीएस म्हणजे डीलरनं आपल्याकडून आधीच घेऊन सरकारला भरायचा आयकर; दहा लाखांवरच्या गाडीला लागतोच, पण रिटर्न भरला की परत मागता येतो, हेही त्यांनी सांगितलं नव्हतं.) फरक 76,900. पाऊण लाखाच्या वर! ही माझ्या बागेत घाम गाळणाऱ्या माणसांची मजुरी आहे.

मी शेतकरी माणूस. भाव करणं मला नवं नाही. माझे वडील खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैल घ्यायचे. उपरण्याखाली बोटं धरून भाव चालायचा, बाजूच्याला आकडा कळायचा नाही. पण एकदा सौदा ठरला की ठरला. दावं हातात देताना कुणी म्हणायचं नाही की खुंट्याचे वेगळे, वैरणीचे वेगळे. आजही तासगावला आमच्या बेदाण्याचा सौदा निघतो, भाव चार माणसांत पुकारला जातो. त्यातही आमची भांडणं आहेत, सौद्यात माल उधळतात त्यावर आम्ही वर्षानुवर्षं बोंबलतोय. तरी शेवटी हातात पट्टी येते. हमाली किती, तोलाई किती, एकेक रुपया लिहिलेला. मला त्या शोरूमकडून पट्टीच हवी होती. प्रत्येक ओळ, ती कशाची, सही आणि शिक्का.

"लिहून द्या" म्हटल्यावर मॅनेजरचा चेहराच बदलला. तोपर्यंत "चहा घ्या, आजींना पाणी द्या" चाललं होतं. म्हणाला, "सर, एवढा विश्वास नसेल तर कसं होणार?" विश्वास? माझे 21,000 बुकिंगचे तुमच्याकडं पडलेत, ते विश्वासानंच दिले. तुम्ही विश्वासानं काय दिलं? व्हिजिटिंग कार्डाच्या मागं पेन्सिलीनं लिहिलेला आकडा.

मग पाडव्याचा दबाव सुरू झाला. 22 ऑक्टोबरला पाडवा. "दादा, आज फायनल नाही केलं तर पाडव्याला डिलिव्हरी मिळणार नाही, एकच गाडी शिल्लक आहे, मागं तीन पार्ट्या आहेत." रात्री नऊ वाजता फोन, सकाळी आठला फोन. आईच्या मनात पाडव्याला गाडीची पूजा करायची होती, आणि हे पहिल्या दिवशी आईनंच त्या पोराला कौतुकानं सांगितलं होतं. तेच त्यांनी आमच्याविरुद्ध वापरलं. ती एकच शिल्लक गाडी बघायला मागितली. हिनं तयार झाल्याचा महिना विचारला, तर मार्च. सात महिने उभी असलेली गाडी. आरसीवर निर्मितीचा महिना आणि वर्ष येतं, उद्या विकताना लोक तेच बघतात. त्याचा काही भाव कमी? नाही. वर म्हणे, "गाडी नवीनच आहे ना सर, चालवलेली कुठं आहे."

त्या पोरावर माझा राग नाही. बावीस-तेवीस वर्षांचं असेल, केबिनमधून जे सांगतात ते बोलतं. एकदा बाहेर सोडायला आलं तेव्हा हळूच म्हणालं, "दादा, हँडलिंग काढायला लावा, निघतं ते." मी आत जाऊन भांडलो तेव्हा खरंच निघालं. आणि नव्या कागदावर विमा 54,000 चा 61,000 झाला होता! एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात, आमच्या डोळ्यांदेखत. त्याच क्षणी आम्ही उठलो.

कोल्हापूरला फोन करून बघितला. पहिला प्रश्न गाव कुठलं. सांगली जिल्हा म्हटल्यावर "तुमचा एरिया तिकडं येतो सर, आम्ही रेट देऊ शकत नाही." माझा पैसा, माझी गाडी, आणि मी कुठं विचारायचं हे यांनी आपापसात वाटून घेतलेलं. कोल्हापुरात घेतली तरी माझ्या पत्त्यावर एमएच 10 नंबरच पडला असता. मग अडचण कुणाला आहे? ज्याला तुलना नको आहे त्याला.

24 ऑक्टोबरला लेखी अर्ज देऊन बुकिंग रद्द केलं. "पंधरा दिवसांत खात्यावर जमा होतील." आज सव्विसावा दिवस आहे. फोन केला की अकाउंटवाले जेवायला गेलेले असतात. साडेअकराला जेवायला, चारला जेवायला. परवा 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, नंबर लिहून ठेवलाय. आई अजून भाड्याच्या गाडीतून मिरजेला जाते आणि प्रत्येक वेळी म्हणते, "माझ्यासाठी एवढा त्रास कशाला करून घेताय." हे तिला म्हणावं लागतंय, याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे.

उद्या सकाळी दहाला आम्ही दोघं परत जातोय. बुकिंगची पावती, रद्द केल्याच्या अर्जाची पोच, दोन्ही कोटेशनच्या झेरॉक्स आणि हिची हिशेबाची वही. 21,000 खात्यावर जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत त्या सोफ्यावरून उठायचं नाही, असं आमचं ठरलंय. डबा सोबत घेतोय.