‘मुलांसमोर पुराचं नाव काढू नका’ म्हणे. कोल्हापुरात?

पावसाळा लागला की एक मेसेज ग्रुपांवर फिरायला लागतो. त्यात म्हटलेलं असतं की मुलांसमोर पूर-भूकंपाचे विषय काढू नयेत, कोवळ्या मनावर परिणाम होतो. मूल घाबरलंच तर ‘काही होणार नाही’ असं ठासून सांगावं. मुलं लवकर विसरतात, तेव्हा जुनं उकरू नये. आणि शाळांनी ते आपत्तीच्या सरावाचं ड्रिल बंद करावं, त्यानं भीती बसते. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याखाली हात जोडल्याची रांग लागली होती. मला काही हात जोडवेनात.

नाव काढू नका म्हणजे नेमकं कसं? जुलैत इथं घरोघरी एकच चौकशी: ‘राजाराम बंधाऱ्याला किती फूट झालं?’ पंचगंगेची पातळी तिथं मोजतात; 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे चौथीतल्या पोरालाही पाठ असतं. मुलं ऐकत असतातच, फक्त अर्थ आपला आपण लावतात. माझी भाची सहा वर्षांची असताना ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ ही बातमी लागली आणि ती उठून आमच्या दाराला कडी लावून आली. तिच्या हिशेबानं दरवाजा उघडला की पाणी थेट जिन्यात! रात्री झोपेना. मग तिच्याच वहीत धरण, भोगावती, पंचगंगा आणि आमचं घर काढलं. धरण भरलं की ते दरवाजे आपोआप उघडतात, पाणी शहरात यायला कित्येक तास लागतात, तेवढ्यात आपण आत्याकडे जायचं, हे सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “माऊला कोण घेणार?” दोन दिवस तिच्या पोटात हा प्रश्न होता.

‘काही होणार नाही’ हे 2019 च्या ऑगस्टमध्ये कितीतरी घरांत सांगून झालं होतं. त्यातल्या काही मुलांना नंतर बोटीतून बाहेर काढावं लागलं. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच पाणी. आता या मुलांनी आपल्या शब्दावर विश्वास का ठेवावा? ‘पाणी येऊ शकतं, आलं तर आत्याकडे जायचं, ही तुझी पिशवी’ एवढं म्हणता येतं, आणि ते खरं असतं. भीती यानं जात नाही, कबूल. पण पिशवीत रेनकोट जाणार की भालू, यावर वाद घालणारं मूल निदान एकटं घाबरत नाही.

मुलं विसरतात, हे तर निव्वळ मोठ्यांच्या सोयीचं. मूल बोलत नाही, पण सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओलं होतं, आई न्हाणीत गेली तरी ते दाराशी बसतं, आभाळ गडगडलं की पोटात दुखतं. खेळही पुराचाच. काड्यापेट्यांचे सिलिंडर करून माळ्यावर चढवणारी पोरं मी पाहिली आहेत. उकरू नये हे मात्र अर्धं खरं आहे. गप्प मुलाला खोदून विचारू नयेच. पण ते आपणहून बोललं तर ‘जाऊ दे ते आता’ म्हणून तोंडही बंद करू नये. दिवसभर टीव्हीवर तीच तीच बुडालेली घरं दाखवू नका, असं या मेसेजात असतं, तर मीही हात जोडले असते.

राहिलं ड्रिल. जपानमधल्या कामाइशीत 11 मार्च 2011 च्या भूकंपानंतर उनोसुमाईच्या दोन शाळांतली मुलं लगेच चढाकडे पळाली. मोठ्यांनी धाकट्यांचे हात धरले होते. ठरलेली जागाही धोक्याची वाटली तशी ती आणखी वर गेली आणि त्सुनामीतून वाचली. नकाशात त्या शाळा सुरक्षित पट्ट्यात होत्या, पण नकाशावर विसंबू नका हे त्यांना आधीच शिकवलेलं होतं.

आमच्याकडच्या ड्रिलबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे. घंटा, मैदानात रांग, पाहुण्यांसोबत फोटो, परत वर्गात. याच जिन्यानं का उतरलो, हे एका पोराला सांगता येत नाही. त्याविरुद्ध कुणी मेसेज लिहिला तर पाठवा, मी फॉरवर्ड करतो.