गाडी लो केली म्हणून टायर खाल्ले जात नाहीत

गाडीवेड्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: लो केलेली, म्हणजे स्प्रिंग बदलून जमिनीजवळ आणलेली गाडी टायर खाणारच, अलाइनमेंटवर (चाकांचे कोन लावून घेण्यावर) पैसे घालवू नका. ट्रेडवेअर, म्हणजे टायरवर कोरलेला झिजेचा आकडा, 400 च्या वरचा असलेला कडक, स्वस्त टायर घ्या, 80,000 किलोमीटर निघतात. एक साइझ रुंद घ्या म्हणजे झीज वाटली जाते. हवा चार-पाच पीएसआय कमी ठेवा, आणि भरायचा तर नायट्रोजनच. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे पुढे लावा. जुन्या स्टॉकचा टायर स्वस्तात मिळाला तर सोडू नका, मुरलेलं रबर जास्त टिकतं.

सुरुवातीचं एक वाक्य अर्धसत्य आहे आणि त्याच्या जोरावर बाकीचं सगळं खपून जातं. म्हणून एकेक घेऊ. उदाहरणाला फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय धरतो. चाकणमधून शेवटची पोलो 2022 मध्ये बाहेर पडली, पण पुण्या-मुंबईत लो केलेल्या गाड्यांत ती आजही भरपूर दिसते. 16 इंची चाकांवर टायर 195/55 आर16 (195 मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत रुंदीच्या 55 टक्के उंच), आणि स्प्रिंग बदलून गाडी 30-35 मिलिमीटर खाली. (हे कायद्यात बसतं का, हा प्रश्न वेगळा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 एकदा वाचून घ्या आणि विमा कंपनीला कळवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.)

पहिला दावा, "लो गाडी टायर खाणारच."

गाडी खाली बसली की पुढच्या चाकांत दोन कोन बदलतात. चाकाचा माथा आत झुकतो, तो कॅम्बर. आणि टाय-रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलल्यामुळे चाकांची तोंडं किंचित आत किंवा बाहेर वळतात, तो टो. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्हींची खिचडी करून खापर लो करण्यावर फोडलंय. प्रत्यक्षात टायर संपवतो तो मुख्यतः टो. कॅम्बरमध्ये टायर सरळच धावतो, फक्त आतल्या कडेवर जरा जास्त भार घेऊन. कित्येक बीएमडब्ल्यूंच्या मागच्या चाकांना उणे दीड-दोन अंश कॅम्बर कंपनीतूनच असतो. तिथे आतली कड थोडी लवकर जाते, पण टायर 15,000 किलोमीटरांत फेकावा लागत नाही.

टोचं तसं नसतं. टो चुकला की चाक एका दिशेला बघतं आणि गाडी त्याला दुसऱ्या दिशेला ओढत नेते. एका चाकाचा टो 0.3 अंशाने चुकला असेल, तर दर किलोमीटरमागे तो टायर सुमारे 5 मीटर आडवा फरफटतो. 10,000 किलोमीटरांत हे 52 किलोमीटर आडवे झाले, भरल्या गाडीचं वजन अंगावर घेऊन. त्यात टो बाहेरच्या बाजूला असेल आणि वर कॅम्बरही असेल, तर सगळा मार आतल्या कडेवर बसतो. बाहेरून टायर नवाकोरा दिसतो आणि आतून तारा बाहेर आलेल्या असतात. लो गाडीत फेंडर चाकावर उतरलेलं असल्याने हे उभ्याने दिसतसुद्धा नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून, खाली बसून, मोबाइलचा टॉर्च मारून बघावं लागतं.

त्याहून सोपी परीक्षा हाताची आहे. टायर गार असताना तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीचे दात लागल्यासारखं वाटलं, तर टो बिघडलाय. दोन्हीकडून सारखंच लागतंय पण आतली कड बसलीय, तर तो बहुतेक कॅम्बर. आणि टायरवर थोड्या थोड्या अंतराने खळगे पडलेत, तर चाक रस्त्यावर नाचतंय. हे तिसरं दुखणं सहसा स्प्रिंग कापलेल्या गाड्यांत दिसतं. ग्राइंडरने कंपनीची स्प्रिंग दीड-दोन वेढे कापली की गाडी खाली येते, पण शॉक ॲब्सॉर्बरची चाल कमी होते, प्रत्येक खड्ड्यात तो बंप-स्टॉपवर, म्हणजे चाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर, आपटतो आणि काही महिन्यांत मान टाकतो. मग चाक उड्या मारतं. तिथे कुठलाही टायर टिकणार नाही, महागही नाही आणि कडकही नाही.

म्हणजे करायचं काय? स्प्रिंग बसवल्यावर गाडी चार-पाचशे किलोमीटर चालवून बसू द्यायची आणि मग अलाइनमेंट. मशिनवाला छापून देतो त्या कागदावरचे हिरवे-लाल आकडे कंपनीच्या उंचीसाठी असतात. लो गाडीत कॅम्बर लाल दाखवणारच, त्याने घाबरायचं कारण नाही. पोलोच्या पुढच्या कॅम्बरला मुळात सोयीचं ॲडजस्टमेंटही नाही, फार झालं तर सबफ्रेम (पुढचं सस्पेन्शन ज्यावर बसतं ती चौकट) सरकवून दोन्ही बाजू सारख्या करता येतात. टो मात्र टाय-रॉडवरून हवा तसा मिळतो. तो दोन्ही चाकांना सारखा आणि शून्याच्या जवळ, किंचित आत, असा लावून घ्या. "हिरव्यात आलंय साहेब" एवढ्यावर उठू नका, हिरवा पट्टाही बराच रुंद असतो. मागे पोलोला टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा आहे, तिथे लो केल्याने फारसं काही हलत नाही. स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएससारख्या मल्टिलिंकच्या (मागच्या प्रत्येक चाकाला वेगवेगळे दांडे असलेल्या) गाडीत मागचे कॅम्बर आणि टो दोन्ही हलतात, पण दोन्ही लावताही येतात. तिथे "फक्त पुढची अलाइनमेंट" करून देणाऱ्याकडे जाऊच नका.

आता ज्याचा विचार दुकानात फार कमी लोक करतात ते, म्हणजे टायरची नक्षी. आतली कड थोडी जास्त झिजणार हे गृहीत धरलं, तर टायर रिमवर उलटा करून झिजलेली कड बाहेर आणता आली पाहिजे. साध्या, दोन्ही बाजूंनी सारख्या नक्षीच्या टायरला हे बिनदिक्कत जमतं. बाण असलेल्या, म्हणजे डायरेक्शनल टायरलाही जमतं. तो रिमवर उलटा करायचा आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूला न्यायचा. बाण पुन्हा बरोबर दिशेला येतो आणि आतली कड बाहेर. असिमेट्रिक, म्हणजे आतली आणि बाहेरची नक्षी वेगळी असलेल्या टायरवर मात्र "आउटसाइड" असं कोरलेलं असतं, ती बाजू बाहेरच राहिली पाहिजे, त्यामुळे हा मार्गच बंद. गंमत म्हणजे चांगल्या टूरिंग (रोजच्या आणि लांबच्या प्रवासासाठीच्या) टायरांपैकी बरेचसे आज असिमेट्रिकच असतात. म्हणून असिमेट्रिक घेऊच नका असं नाही. पण कॅम्बर दीड अंशाच्या वर असेल आणि कमी करायचा उपाय नसेल, तर खरेदीच्या वेळी हा प्रश्न विचारायला हवा.

दुसरा दावा, "ट्रेडवेअर 400 म्हणजे 80,000 किलोमीटर."

टायरच्या कडेवर ट्रेडवेअर, ट्रॅक्शन आणि टेम्परेचर असे तीन शेरे कोरलेले असतात. ही अमेरिकेची पद्धत आहे. टेक्सासमधल्या सुमारे 640 किलोमीटरच्या ठरलेल्या मार्गावर एकूण साधारण 11,600 किलोमीटर टायर चालवतात आणि त्याची झीज एका प्रमाण टायरशी ताडून बघतात. प्रमाण टायरला 100 धरलं, तर 400 म्हणजे त्या रस्त्यावर, त्या परिस्थितीत चौपट हळू झिजणारा. किलोमीटरांत हे कुठेच मांडलेलं नाही. चाचणीतल्या गाड्यांची अलाइनमेंट सांभाळली जाते आणि टायर आलटून-पालटून लावले जातात, म्हणजे मेसेजने ज्याला फालतू खर्च म्हटलंय नेमकं तेच. शिवाय शेरा कंपनी स्वतःच देते. एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना त्यावरून बरी जमते, दोन कंपन्यांची नाही. 0.3 अंश चुकलेल्या टोवर 400 चा टायर 200 च्यापेक्षा थोडा उशिरा संपेल, इतकंच.

पैशांचंही बघू. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, तुमच्या दुकानातला भाव टाकून पुन्हा करा. 7,000 चे चार टायर, म्हणजे 28,000. टो चुकलेला असताना ते 15,000 किलोमीटरांत गेले तर किलोमीटरला 1 रुपया 87 पैसे पडले. त्याच गाडीवर 5,000 चे चार टायर तेवढेच चालले तर 1 रुपया 33 पैसे. म्हणजे अलाइनमेंट करायचीच नाही असं ठरवलं असेल, तर मेसेज बरोबर आहे, स्वस्त टायरच घ्या! पण टो लावून घेतला आणि महागडा 45,000 व स्वस्त 35,000 चालला, तर 62 पैसे विरुद्ध 57 पैसे. वर्षाला 10,000 किलोमीटर चालवणाऱ्याचे 500 रुपये वाचले. आणि ते वाचवताना काय दिलं? समजा ओल्या रस्त्यावर चांगल्या टायरची पकड (घर्षणाचा गुणांक) 0.8 आणि कडक टायरची 0.6 आहे. ताशी 80 वरून थांबायला पहिल्याला सुमारे 31 मीटर लागतील, दुसऱ्याला 42. जुलैत खंडाळ्याच्या उतारावर हे 11 मीटर म्हणजे पुढच्या गाडीची डिकी. ज्याने गाडी वेगात वळवता यावी म्हणून लो केली, त्याने पकड विकून 500 रुपये वाचवावेत, यातला तर्क मला तरी उमगत नाही.

मधला मार्ग आहे आणि तो कंटाळवाणा आहे: कंपनीच्या साइझचा, नावाजलेल्या कंपनीचा टूरिंग टायर. ट्रॅकसाठीचा मऊ परफॉर्मन्स टायर रोजच्या हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये वाया जातो. आणि 2020 च्या जूनपासून टायरची आयात परवान्याखाली गेल्यापासून बाहेरून येणारी मॉडेल कधी मिळतात, कधी नाही. एक फुटला तर जोडी मिळेल का, हे आधी विचारा.

तिसरा दावा, "रुंद टायर घ्या, झीज वाटली जाते." झीज वाटली जात नाही. चाक कलतं असेल तर रुंद टायरची आतली कडसुद्धा तशीच झिजते. उलट फेंडरच्या अस्तराला आणि आत स्ट्रटला (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या जोडीला) घासायची शक्यता वाढते. रुंदीबरोबर लोक 17 इंची रिमवर जातात तेव्हा आणखी एक गोष्ट होते. 195/55 आर16 ची भिंत 107 मिलिमीटर, 205/45 आर17 ची 92. खड्ड्याचा घाव सोसणारे 15 मिलिमीटर गेले. लो गाडीत स्प्रिंगची चाल आधीच कमी, त्यात भिंत कमी, म्हणजे खड्ड्यात रिम वाकणार किंवा टायरला फुगा येणार. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, नक्षी कितीही शिल्लक असो, तो गेला. तुमचे टायर झिजून संपण्याआधी असेच जात असतील, तर टिकाऊपणाची सगळी चर्चा फोल आहे. साइझ तोच ठेवा. जमल्यास एक्स्ट्रा लोडचा, म्हणजे जास्त भार पेलणारा घ्या, 87 ऐवजी 91 लोड इंडेक्सचा. म्हणजे एका टायरची वहनक्षमता 545 वरून 615 किलो होते. स्पीड रेटिंग (टायर किती वेग सोसतो त्याचं अक्षर) मात्र कंपनीने दिलंय त्याच्या खाली जाऊ नका.

हवेचं थोडक्यात. कमी हवेने दोन्ही कडा झिजतात आणि टायर तापतो. आतली कड आधीच संकटात असलेल्या गाडीला हे अजिबात नकोय. समृद्धीवर ताशी 120 ने तासन्‌तास जायचं असेल तर कमी हवा म्हणजे टायर फुटण्याचं निमंत्रण. दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाआड लिहिलेला आकडा सकाळी, गार टायरवर भरा. नायट्रोजन भरायचा असेल तर भरा, फुकट असेल तर नक्कीच. पण साध्या हवेतही 78 टक्के तोच असतो, आणि तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. फरक पडतो तो मुख्यतः ओलाव्याचा. नायट्रोजन भरलाय म्हणून तीन-तीन महिने हवा न बघणं, हेच त्याचं मोठं नुकसान.

"नवे टायर पुढे" हा सल्ला ऐकायला पटतो, कारण ओढ पुढच्या चाकांची, झीजही पुढे जास्त. पण पावसात झिजलेले टायर मागे असले की पाण्यावर आधी मागचा भाग सुटतो, आणि सुटलेला मागचा भाग सावरणं बहुतेकांच्या हाताबाहेरचं असतं. पुढचा भाग सुटला तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की बहुधा पुन्हा पकडते. म्हणून दोनच घेतले तर नवे मागे आणि मागचे जुने पुढे. दुकानदार हुज्जत घालतो, घालू दे.

राहिला जुना स्टॉक. रबर मुरत नाही, वाळतं. कडक होतं, बारीक चिरा पडतात आणि सगळ्यात आधी जाते ती ओल्या रस्त्यावरची पकड. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात: 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. कधी कधी हे आकडे एकाच बाजूला असतात आणि बसवताना ती बाजू आत जाते, त्यामुळे टायर रिमवर चढण्याआधीच, चारही टायर जमिनीवर ठेवून वाचा. वर्षभराच्या आतले असतील तर घ्या. दोन-तीन वर्षांपूर्वीचे असतील आणि दुकानदार "बंद गोडाऊनमध्येच होते" म्हणाला, तर दुसरे आणायला सांगा. आयएसआयची खूणही त्याच वेळी बघून घ्या.