एक लाख घेऊन मांडवीवर निघण्याआधी

मुंबईतल्या ऑफिसांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : "पत्ते मोजायला शिका, एक लाख घेऊन गोवा गाठा. काउंट चढला की निम्मे पैसे लावा. हरलात तर बोली दुप्पट करा. ब्लॅकजॅक म्हणजे पक्की कमाई." ब्लॅकजॅक म्हणजे २१ च्या पुढे न जाता डीलरपेक्षा जास्त बेरीज करायचा पत्त्यांचा खेळ. मुंबईत कॅसिनो नाही, राज्याचा १९७६चा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. म्हणून गोवा, जिथे मांडवी नदीत तरंगते कॅसिनो आहेत. नुकतीच नोकरीला लागलेली पोरं हे खरं मानतायत, याची मला काळजी वाटते.

"पक्की कमाई." पडलेले पत्ते मोजून कॅसिनोवर आघाडी मिळते, म्हणजे दर बोलीमागे सरासरी थोडा नफा, हे खरं आहे, अमेरिकन गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी ते १९६२ मध्येच दाखवून दिलं. पण चांगल्या मोजणाऱ्याचीही ती बोलीच्या जेमतेम १ टक्का. १,००० रुपयांच्या बोलीने १,००० हात खेळलात तर सरासरी नफा १०,०००, आणि प्रमाण विचलन, म्हणजे नशिबाने त्या सरासरीपासून होणारा चढउतार, सुमारे ३६,०००. बिनचूक खेळूनही पाचांतले दोघे तोट्यात परततात.

"काउंट चढला की निम्मे." कुठला काउंट? पडलेल्या पत्त्यांत दुर्री ते छक्की अधिक एक, दश्शी ते एक्का उणे एक, ही बेरीज उरलेल्या कॅटांनी भागावी लागते. सहा कॅट शिल्लक असताना अधिक ६ म्हणजे फक्त १. तिथे तुम्ही कॅसिनोच्या बरोबरीला येता, इतकंच. भागून ३ आला तर आघाडी साधारण १ टक्का. तेव्हा किती लावायचं? भांडवलाचा किती भाग लावावा हे सांगणाऱ्या, जॉन केली या संशोधकाच्या १९५६च्या सूत्राने लाखावर येतात साधारण ७५० रुपये. साडेसातशे! त्याच्या दुप्पट लावलं की भांडवलाची दीर्घकाळची वाढ शून्य, त्यापुढे ते झिजतच जातं. जाणते खेळाडू उलट या साडेसातशेच्या निम्मंच लावतात : वाढ तीन चतुर्थांश राहते, पण भांडवल कधीतरी अर्ध्यावर येण्याची शक्यता ५० वरून साडेबारा टक्क्यांवर उतरते. आणि ५०,००० एका हातावर लावून अठ्ठ्यांची जोडी आली, तर स्प्लिटनंतर (जोडीचे दोन हात करून दुसऱ्यावर तेवढीच बोली लावल्यावर) डबल करायला, म्हणजे बोली दुप्पट करायला, पैसे कुठून आणणार?

"हरलात तर दुप्पट." १,००० पासून सहा हात ओळीने गेले की ६३,००० संपले. सातव्याला ६४,००० हवेत, खिशात ३७,०००. हरल्याने पुढच्या हाताची आघाडी वाढत नाही.

टेबलावर सतत पिसणारं मशीन असेल तर मोजणीच बाद. शिवाय जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आयकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. एका खेपेला ४०,००० जिंकलात, दुसऱ्या खेपेला ३०,००० हरलात : हातात १०,०००, कर १२,०००.