दुधात साखर विरघळली म्हणे!

आत्याने फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज टाकलाय. इराणातून आलेल्या पारशांना गुजरातेतल्या संजाणच्या जादी राण्याने दुधाने काठोकाठ भरलेला पेला पाठवला, त्यांच्या दस्तुराने (धर्मगुरूने) त्यात साखर घातली आणि पारशी असे विरघळले की त्यांनी कधी वेगळं काही मागितलं नाही, कुणाशी भांडण केलं नाही. खाली ठळक अक्षरांत, 'बाहेरून येणाऱ्यांनी असं राहावं.' एरवी सोडून दिलं असतं. पण तिच्या सोसायटीत एका भाडेकरूला नाही म्हणताना हाच मेसेज पुढे केला गेला, म्हणून लिहितोय.

आधी ती साखर. पारशांच्या आगमनाची सर्वांत जुनी सविस्तर कथा म्हणजे 'किस्सा-ए-संजान'. बहमन कैकोबाद या पारशी धर्मगुरूने ती १५९९ च्या सुमारास फारसी पद्यात लिहिली, तीसुद्धा घटनेनंतर कित्येक शतकांनी. तिच्यात पेलाही नाही आणि साखरही नाही. आहेत त्या राण्याच्या अटी: तुमचा धर्म काय ते सांगा, इथली भाषा बोला, बायकांनी इथला पेहराव करावा, शस्त्रं खाली ठेवा, लग्नं संध्याकाळी लावा. देव बदला, देवळात या, जातीबाहेर लग्न करा, असं काही राण्याने मागितलेलं नाही. उलट पुढे पारशांनी अग्यारीसाठी (अग्निमंदिरासाठी) जागा मागितली आणि त्याने ती दिली.

आता भाषा आणि साडी त्यांनी घेतली, हे खरंच आहे. गुजराती त्यांची मायबोली झाली. मेसेजमधलं एवढं मान्य.

पण 'कधी वेगळं काही मागितलं नाही'? हे वाचून कपाळावर हात मारला. लग्न आणि वारसा यांसाठी वेगळे कायदे पारशांनी इंग्रजांकडून १८६५ सालीच करून घेतले. १९३६ चा पारशी विवाह व घटस्फोट कायदा आजही लागू आहे आणि त्यातल्या खटल्यात न्यायाधीशांबरोबर समाजातले पाच प्रतिनिधी बसतात. समान नागरी कायद्याचे मेसेज रोज पाठवणाऱ्या आमच्या काकांना हे कुणीतरी सांगा. अग्यारीत बिगरपारशाला आजही प्रवेश नाही. दादर पारशी कॉलनी, कुलाब्याचा खुसरो बाग या वस्त्या पारशांनी पारशांसाठीच वसवल्या. आणि सोसायटीवाल्यांसाठी खास: अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा नियम केला होता, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. म्हणजे तुम्ही ज्यांचा दाखला देऊन दुसऱ्याला 'मिसळून राहा' म्हणताय, त्यांनी वेगळं राहण्याचा हक्क कोर्टात जाऊन मिळवलाय. मला तो निकाल पटत नाही, पण तो आहे.

'कुणाशी भांडण केलं नाही' यावर फार वेळ घालवत नाही. १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध दंगल झाली, बाजार बंद पडला. त्यात पुढे पारशीच होते, कारण कुत्रा त्यांना पवित्र.

राहिलं विरघळणं. विरघळली असेल तर त्यांची संख्या: १९४१ च्या जनगणनेत पारशी सुमारे १ लाख १५ हजार होते, २०११ मध्ये ५७,२६४ उरले. त्यांची संख्या वाढावी म्हणून केंद्र सरकारने २०१३ मध्ये 'जियो पारसी' योजना काढली, वंध्यत्वावरच्या उपचारांचा खर्चही तीत येतो.