पाय सुजतात ते बसून राहिल्याने

प्रतापनगरातल्या आमच्या ग्रुपवर पुन्हा तो मेसेज फिरतोय: ‘विमानात हवेचा दाब कमी होतो म्हणून रक्त पायात उतरतं. पाणी कमी प्या, निघताना ॲस्पिरिन घ्या. सूज आली तरी दुर्लक्ष करा, आपोआप उतरते.’ शेजारच्या काकू लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाल्यात आणि त्यांनी तो जपून ठेवलाय. म्हणून हे लिहायला बसले.

आधी दाबाचं. विमान कितीही उंच उडालं तरी आतला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा राखतात. उटी २,२४० मीटरवर आहे. तिथली माणसं काय सुजलेले पाय घेऊन फिरतात? उलट नागपूरहून ट्रॅव्हल्सने रात्रभर बसून पुण्याला गेलेल्यांना विचारा, सकाळी चप्पल घट्ट होते की नाही.

खरी गोष्ट पोटरीची. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, शिरा दाबल्या जातात आणि रक्त हृदयाकडे चढतं. शिरांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. तासन्‌तास बसलं की हा पंप थंडावतो. त्यात गुडघे वाकलेले, सीटची कड मांडीखाली रुतलेली. रक्त तुंबतं, बारीक वाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपून घोट्याशी साचतं. १९४० मध्ये लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना लोक आसऱ्याच्या जागी खुर्च्यांवर बसून रात्री काढत. तुंबलेल्या रक्ताची पायात गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाऊन अडकू शकते; त्यांच्यात अशाने होणारे मृत्यू वाढल्याचं कीथ सिम्पसन या डॉक्टरने तेव्हाच नोंदवलं. ती माणसं विमानात नव्हती, नुसती बसलेली होती.

पाणी तोडल्याने ही सूज टळत नाही. काकू, तहान मारू नका. बाथरूमला उठाल तेवढंच चालणं होईल. सीट वाटेकडेची मागून घ्या. काही कमी करायचंच तर खारं खाणं कमी करा, कारण मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. बसल्या बसल्या टाचा-चवडे वरखाली करत राहा. पोटरीवर दाब देणारे गुडघ्यापर्यंतचे मोजे खरंच उपयोगी पडतात, पण मापाचे हवेत.

ॲस्पिरिन मनाने घेऊ नका. तिने सूज उतरत नाही आणि पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आधी गुठळी झालेली असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, कॅन्सर असेल किंवा गर्भारपण असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

‘दुर्लक्ष करा’ हे मात्र मला सगळ्यात घातक वाटतं. दोन्ही पाय सारखे सुजले, दुखत नाहीत, चालल्यावर उतरले, तर काळजी नाही. पण चार तासांहून लांबच्या प्रवासानंतर शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, मग ते विमान असो, रेल्वे असो की बस. निरोगी माणसांत तो सुमारे ६,००० प्रवाशांत एकाला, म्हणजे थोडाच. पण तो एक कोण, हे आधी कळत नाही. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम किंवा लाल झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत जा. हे पोहोचल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनीही होऊ शकतं, म्हणून काकूंच्या लेकीलाही मी हेच कळवलंय.