स्कॅन नॉर्मल, मग काकी कशाला ओरडत होती?

आज सकाळी भावकीच्या ग्रुपवर एका आजींच्या डोक्याच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट आला आणि जेवणापर्यंत घरोघरी डॉक्टर तयार! एक म्हणे, "ॲट्रॉफी म्हणजे मेंदू सुकलो, बदाम देवा." दुसरा, "ब्लीड नाय लिवल्यानी मा? मगे सुटली आजी!" डोकंच फिरलं माझं.

आबाकाका गेल्या पावसात शेवाळावरून घसरून खळ्यात आपटले, आठवतंय ना? पंच्याहत्तरी उलटलेली, हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू. रिपोर्ट आला : रक्तस्राव नाही, वयानुसार मेंदू आकसलेला. घरच्यांनी 'आकसलेला'वर रडून घेतलं आणि 'रक्तस्राव नाही'वर देवाला नारळ दिला.

अरे, म्हातारपणी मेंदू आकसतोच, केस पिकतात तसा. तो आजार नव्हे. पण त्यामुळे मेंदू आणि कवटीमधली जागा वाढते, तिथल्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात, जराशा हिसक्यानेही तुटतात. मग रक्त झिरपत झिरपत कित्येक आठवडे साठतं. पहिल्या दिवशीच्या स्कॅनमध्ये ते दिसणार कुठून?

महिनाभराने काका पाय ओढायला लागले. भर दुपारी पेंगायचे, शब्द अडायचे. "वय झाला आता." काकी एकटी सांगत होती, "ह्येंचा कायतरी बिनसला हा." पण तिचं कोण ऐकणार, रिपोर्ट नॉर्मल ना! शेवटी घाट चढून कोल्हापूर. सीटीत ताजं रक्त पांढरं दिसतं, जुनं झालं की काळपट. काकांच्या कवटीखाली चंद्रकोरीसारखा काळा पट्टाच होता. कवटीला भोक पाडून काढला. या मे महिन्यात काका रतांबे फोडत बसले होते, काकीवर खेकसत. बरं वाटलं बघून.

हां, प्रत्येक डोकेदुखीला घाट चढणं परवडत नाही, मान्य. डॉक्टरांकडेही समजावायला वेळ नसतो, तेही मान्य.

पण बाईकवरून पडलेल्या पोराचं डोकं चार दिवसांनीही जड असेल, उजेड सोसत नसेल, तर 'नाटकं' म्हणू नका. मेंदूला बसलेला मुका मार सीटीत बहुधा दिसतच नाही.

आणि आजच्या आजींना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे ग्रुपवर एकानेही विचारलं नाही. मी फोन केला. चालू आहे. ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या, बरळायला लागल्या, पाय ओढायला लागल्या, तर ग्रुपवर टाकत बसू नका, गाडी काढा. आणि सुनेला विचारा आजी कशा आहेत ते. चोवीस तास तीच बघते.