विदर्भ मागास, आपण पुढारलेले? आधी जनगणना उघडा

भाचीला अमरावतीत नोकरी लागली. सरकारी, कनिष्ठ अभियंता. पेढे वाटून झाले आणि मग दाजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला : 'पश्चिम महाराष्ट्र की विदर्भ? डोळे उघडून वाचा.' खाली पाच मुद्दे. तिकडं शिक्षण नाही, मुलींना किंमत नाही, माणसं आळशी म्हणून शेतकरी आत्महत्या करतात, उन्हाळा सोसवत नाही, आणि हे सगळं आपल्या पैशावर चालतं. शेवटी 'मुलींना तिकडं पाठवण्याआधी विचार करा'. हा मेसेज मला याआधीही दोन-तीन ठिकाणांहून आला होता, सोडून दिला होता. पण आता तो वाचून अक्का पोरीला 'रुजू होऊ नकोस' म्हणायला लागलीय, म्हणून लिहायला बसलो. मी सांगलीचा. विदर्भाची वकिली करून मला काही मिळायचं नाही.

शिक्षणाचं दोन ओळींत उरकतो. २०११ च्या जनगणनेत साक्षरता अशी आहे : नागपूर ८८ टक्के, अकोला ८८, अमरावती ८७, वर्धा ८७. आणि आपल्याकडं? सातारा ८३, कोल्हापूर साडेएक्याऐंशी, सांगलीही तेवढीच, सोलापूर ७७. गडचिरोली ७४ वर आहे, ते मान्य. पण पोरगी गडचिरोलीला चाललेली नाही. आकडे जुने आहेत म्हणाल, तर पुढच्या जनगणनेचे अजून यायचेत, आणि मेसेज लिहिणाऱ्याकडं जुनेही नाहीत.

आता 'मुलींना किंमत नाही'. हे वाचून मला हसावं की रडावं कळेना. त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयात हजार मुलांमागं मुली किती, ते बघा. गडचिरोली ९६१. गोंदिया ९५६, चंद्रपूर ९५३, भंडारा ९५०. ज्या अमरावतीला पोरीला पाठवायचं नाही, तिथं ९३५. आणि आपण, उसाचे, द्राक्षाचे, दुधाचे, साखर कारखान्यांचे जिल्हे? सातारा ८९५, सांगली ८६७, कोल्हापूर ८६३. म्हणजे पैसा आला, दारात गाडी आली, आणि सोनोग्राफीला जायची ऐपतही आली. मार्च २०१७ मध्ये म्हैसाळला ओढ्याच्या काठी पोलिसांनी उकरून काढलेले १९ भ्रूण कुठल्या तालुक्यातले होते? मिरज. सांगलीहून घटकाभराच्या अंतरावर. कोल्हापुरात सोनोग्राफी मशिनवर नजर ठेवायला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवावे लागले, ते काय हौस म्हणून? २००१ पेक्षा आपले आकडे थोडे सुधारलेत, आणि बुलढाणा ८५५ नि वाशीम ८६३ घेऊन आपल्याच पंगतीला बसलेत, हेही सांगून टाकतो. पण ज्या जिल्ह्यात मुली जन्मायच्या आधीच कमी होतात, तिथल्या माणसानं दुसऱ्याला मुलींची किंमत शिकवू नये.

तिसरा मुद्दा सगळ्यात विखारी. आळशी म्हणून आत्महत्या. हे ज्यानं लिहिलं त्यानं कपाशीचं शेत वेचणीच्या दिवसांत कधी पाहिलेलं नाही. बाया सकाळच्या गारव्यात ओळीत उतरतात, कमरेला फडक्याची झोळी, दोन्ही हातांनी बोंडं उपसत जायचं. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसतात, बोटं चिरतात. संध्याकाळी काट्यावर वजन होतं आणि मजुरी किलोवर मिळते, तासावर नाही. आळशाला यातून चहाचे पैसेही सुटणार नाहीत.

फरक घामात नाही, पाण्यात आहे. कऱ्हाडजवळ खोडशीचा बंधारा आणि त्यातून निघालेला कृष्णा कालवा इंग्रजांच्या काळातला. पणजोबांच्या वेळेपासून ज्याच्या बांधाला पाट आहे, त्यानं कोरडवाहू कपाशीवाल्याला कष्टाचं प्रवचन द्यावं? तिकडं जूनमध्ये पेरायचं, पावसानं दडी मारली की दुबार पेरायचं, बियाण्याचं कर्ज दुप्पट. विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ चं, तेव्हाचा खर्च ३७२ कोटी. पुढं तो अठरा हजार कोटींच्या वर गेला, आणि पाणी अजून सगळ्या शेतांत पोचलेलं नाही. वि. म. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष, म्हणजे विकासातली मागं राहिलेली तूट, मोजला, तो सुमारे ३,१८७ कोटी. त्यातला ३९ टक्के एकट्या विदर्भाचा. हा काय आळसाचा हिशोब होता?

लांब कशाला, आपलंच आटपाडी, खानापूर घ्या. पाणी नव्हतं तेव्हा तिथली माणसं गलाईच्या धंद्यात सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. त्यांना कुणी आळशी म्हटलं नाही, 'कष्टाळू' म्हटलं. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यावर त्याच रानात ऊस दिसायला लागला. माणसं तीच.

यात खरं काय आहे, तेही नाइलाजानं लिहितो. आत्महत्या खऱ्या आहेत. २००६ मध्ये पंतप्रधानांना विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज द्यावं लागलं, त्यात अमरावतीही होती, आणि त्यानंतरही त्या थांबलेल्या नाहीत. मेळघाटातलं कुपोषणही खरं, आणि मेळघाट अमरावती जिल्ह्यातच आहे. धारणीला बदली झाली तर पोरीला जड जाईल. पण त्यावरून अमरावती शहरात राहू नये असं ठरत असेल, तर आपल्याच जिल्ह्यातल्या दुष्काळी जतच्या टँकरवरून सांगली शहरही सोडायला हवं.

उन्हाळा? आहे. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. तिथले लोक कूलर लावतात आणि दुपारी बाहेर पडत नाहीत. यापलीकडं या मुद्द्यात काही नाही. लांब पडतं ही तक्रार मेसेजमध्ये नाही, पण अक्काच्या मनात तीच असणार. तर महाराष्ट्र एक्सप्रेस आहे : सांगलीला बसायचं, अमरावतीला लागूनच असलेल्या बडनेऱ्याला उतरायचं, मध्ये गाडी बदलायची नाही.

राहिला 'आपल्या पैशावर'. राज्याच्या तिजोरीत मुंबई, ठाणे, पुण्याचा वाटा मोठा, कबूल. पण त्यात 'आपण' कुठून आलो? सांगली-साताऱ्यानं मुंबईचा कर आपल्या खात्यात कधीपासून धरला? आणि देणं-घेणं मोजायचंच तर विजेपासून मोजा. कोयना १,९६० मेगावॅटची, तिचा अभिमान मलाही आहे. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं. त्याशिवाय कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा, सगळी विदर्भात. वीज राज्यभर जाते, राख तिथंच पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथं आलं होतं. दाजी, तुमच्या विहिरीवरची मोटर ज्या विजेवर चालते, तिच्यात तो कोळसाही असतो.